न तुटलेला पाना: एका गॅरेजच्या हत्यारखरेदीचं प्रकरण

मागच्या चाकाचा व्हील सिलिंडर, म्हणजे ड्रमच्या आतला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर, बदलणं हे तासा-दीड तासाचं काम. चाक काढायचं, ड्रम ओढायचा, ब्रेकच्या नळीचा नट सैल करायचा, सिलिंडरचे बोल्ट काढून नवा सिलिंडर बसवायचा आणि ब्रेकची हवा काढायची. ज्या गॅरेजबद्दल हे टिपण आहे तिथं या कामाला दोन दिवस लागले. नळीच्या नटावर १० मिमीचा फिक्स पाना (उघड्या तोंडाचा) घसरला. दुसऱ्यांदा जोर लावला तेव्हा नटाचे कोपरेच गेले. मग ग्रिप प्लायर आला. नट फिरला खरा, पण गंजाने त्याला चिकटलेली नळीही त्याच्यासोबत पिळली गेली आणि चिरली. शेवटी अख्खी नळी नव्यानं बनवावी लागली. तोवर गाडी स्टँडवर, एक जागा अडलेली, आणि वाढलेला खर्च गिऱ्हाइकाकडे मागायला तोंड नाही.

मालकाने निष्कर्ष काढला की स्वस्त हत्यारांनी घात केला, आता सगळा संच मोडीत काढायचा आणि नामांकित ब्रँडचा आणायचा. तिथले सगळ्यात जुने मेकॅनिक, ज्यांना सगळे उस्ताद म्हणतात, त्यांचं म्हणणं नेमकं उलट होतं. नट गंजलेला होता, पाना कुठलाही असता तरी हेच झालं असतं. आणि त्यांचा एक सवाल होता, ज्याला मालकाकडे उत्तर नव्हतं: "मालक, पाना तुटला असता तर बदलला असता की. तुटलाय कुठं?"

खरेदीची यादी करण्यासाठी मला बोलावलं होतं. या एका सवालाभोवतीच पुढचं सगळं फिरलं.

गॅरेज आणि तिथला नियम

एका वेळी तीन गाड्या उभ्या राहतील एवढं गॅरेज. उस्ताद, दोन मेकॅनिक आणि एक शिकाऊ मुलगा. काम बहुतेक लहान प्रवासी गाड्यांचं: ब्रेक, सस्पेन्शन, क्लच, नेहमीची सर्व्हिसिंग. गाड्या जपानी आणि युरोपीय, दोन्ही घराण्यांच्या. हत्यारं गॅरेजची, म्हणजे सामाईक. हा मुद्दा किरकोळ वाटतो, पण ज्याची स्वतःची पेटी असते तो मेकॅनिक पान्याचं तोंड बिघडलं की सहज ओळखतो. सामाईक भिंतीवरचा पाना कोणाचाच नसतो.

सुरुवातीला त्यांनी दोनशेहून जास्त नगांचा एक स्वस्त संच घेतला होता आणि पुढे एकच नियम पाळला: जे तुटेल ते चांगल्या कंपनीचं घ्यायचं. हा नियम मेकॅनिक लोकांत सर्रास सांगितला जातो आणि ऐकायला शहाणपणाचाही वाटतो. वापरावरून गरज कळते, उगाच पैसा अडकत नाही. त्यानुसार भिंतीवर उत्तम दर्जाच्या वस्तूही होत्या: एक महागडा अर्धा इंची रॅचेट (एकाच दिशेला पकड घेणारा दांडा), दोन एक्स्टेन्शन, एक युनिव्हर्सल जॉइंट, काही स्क्रू ड्रायव्हर. या सगळ्या वस्तू कधी ना कधी हातात तुटल्या होत्या, म्हणून बदलल्या गेल्या होत्या.

फिक्स पाने मात्र पहिल्या दिवसाचेच होते. कारण उघड आहे, फिक्स पाना तुटत नाही. तो फाकतो, आणि फाकला की नटाला खातो. नुकसान नटावर दिसतं, पान्यावर दिसत नाही. म्हणजे "तुटेल ते बदला" हा नियम ज्या हत्याराने सगळ्यात जास्त काम बिघडतं, नेमकं त्यालाच पाठीशी घालतो. रॅचेट सरकला की हात आपटतो, शिवी निघते, दुसऱ्या दिवशी नवा रॅचेट येतो. पाना घसरला की शिवी नटाला.

व्हर्नियरला न दिसलेलं

आधी मोजमाप केलं. १० आणि १३ च्या पान्यांच्या तोंडाला व्हर्नियर, म्हणजे बारीक मापं घेणारी पट्टी, लावला आणि मालकाची निराशा झाली. दोन-तीन पाने सोडले तर बाकीच्यांची मापं ठीक होती. ते दोन-तीन कायमचे फाकलेले होते, ते तिथंच बाजूला काढले. पण ज्या पान्याने ब्रेकचा नट खाल्ला, तो त्यांत नव्हता. उस्तादांनी माझ्याकडे पाहिलं, बोलले काही नाहीत.

मग तोच पाना जोराखाली पाहिला. व्हाइसमध्ये एक नवा बोल्ट घट्ट धरला, पाना बोल्टवर चढवला आणि जबडा व नटाची बाजू यांच्यामध्ये फीलर गेजची, म्हणजे फट मोजायच्या ठरावीक जाडीच्या पत्र्यांची, पात्यांमागून पाती घालून पाहिली. जी पाती पाना मोकळा असताना आत शिरत नव्हती, ती दांड्यावर जोर टाकल्यावर अलगद आत गेली. जोर काढला की जबडा परत जागेवर. म्हणून भिंतीवर तो पाना कायम निर्दोष दिसायचा. शिकाऊ मुलाने स्वतः दांड्यावर लोंबकळून हे दोनदा करून पाहिलं, आणि मला वाटतं त्या सगळ्या दिवसांत सर्वांत जास्त तोच शिकला.

ही फाक किती महत्त्वाची ते आकड्यांत पाहू. एम८ (८ मिमी जाडीच्या) बोल्टचं डोकं प्रमाणानुसार जास्तीत जास्त १३.०० मिमी, पण नेहमीच्या अचूक श्रेणीत ते १२.७३ पर्यंत खाली चालतं. पाना बोल्टवर चढायला हवा म्हणून त्याचं तोंड १३ पेक्षा किंचित मोठंच असतं. ते १३.१ धरू. बोल्टचं डोकं पुरतं १३.०० असेल तर पाना एका अंशाहूनही कमी रिकामा फिरून पकड घेतो. डोकं १२.७३ चं असेल तर तीन अंश. आणि त्याच बोल्टवर पान्याचं तोंड जोराखाली १३.३ पर्यंत फाकलं तर जवळजवळ पाच अंश. हे अंश ऐकायला थोडे आहेत, पण जितका पाना तिरका, तितका सगळा भार बाजूच्या सपाट भागावरून सरकून कोपऱ्याच्या एका रेषेवर येतो. ती रेषा पहिल्यांदा दबते, मग चकाकते, मग गोल होते. गंज काढायला वायर ब्रश मारलेला जुना बोल्ट तर १२.७३ हूनही बारीक असतो.

आता एक गोष्ट, जी जाहिरातींत उलटी सांगितली जाते. चांगलं पोलाद असेल तर पाना कमी फाकतो, असा सर्वांचा समज असतो. तसं नाही. लवचिकतेचा गुणांक, म्हणजे जोराखाली धातू किती वाकेल याचं माप, सगळ्या पोलादांचा जवळजवळ सारखाच, २०० ते २१० गिगापास्कलच्या दरम्यान. स्वस्त पोलाद आणि क्रोम-व्हॅनेडियम यांचे अगदी एकसारख्या आकाराचे जबडे केले तर जोराखाली दोन्ही सारखेच फाकतील. फरक पुढे पडतो. मऊ पोलादाचा जबडा एका मर्यादेनंतर परत येत नाही, आणि त्याच्या आतल्या कडा नटाच्या कोपऱ्याखाली दबून गोलसर होतात. फाकणं कमी करायचं असेल तर ते आकाराने होतं: जबड्याची जाडी, मुळाशी असलेली वळणाची गोलाई, तोंडाची खोली. महाग पान्यात पैसा जातो तो या आकारात, फोर्जिंगच्या साच्यात, तोंड नेमक्या मापाला कापण्यात आणि पाणी देऊन पुन्हा ठरावीक उष्णतेला आणण्याच्या शिस्तीत. डब्यावर छापलेलं "क्रोम व्हॅनेडियम" हे यातलं काहीच सांगत नाही. ते आज स्वस्तातल्या स्वस्त संचावरही छापलेलं असतं, आणि बऱ्याचदा खरंही असतं.

त्याच व्हाइसवर, त्याच बोल्टवर आणखी तीन पाने लावले. एक गाडीतून दारोदार विकल्या जाणाऱ्या अमेरिकी ब्रँडचा, एक जर्मन, एक तैवानमध्ये बनलेला मधल्या किमतीचा. हातातला फरक सांगायचा तर पहिल्या दोघांत निवड करता आली नाही. तैवानचा त्यांच्या बराच जवळ होता. गॅरेजचा पाना मात्र वेगळ्या रांगेतला होता. एका व्हाइसवरच्या चार पान्यांवरून साऱ्या ब्रँडांचा निवाडा करणं चुकीचं ठरेल, पण यादी करताना एक गोष्ट त्यातून पक्की झाली: मोठी उडी तळातून मध्यावर येताना मिळते, मध्यावरून शिखरावर जाताना नाही. किंमत मात्र दुसऱ्या टप्प्यात जास्त चढते.

शिखरावरच्या किमतीत काय असतं

मालकाच्या मनात एकच नाव होतं, स्नॅप-ऑन. त्यामागचा इतिहास समजून घेण्यासारखा आहे. १९२० मध्ये मिलवॉकीत जोसेफ जॉन्सन आणि विल्यम सीडमन यांनी पाच दांडे आणि दहा गोट्या (नटावर टोपीसारखे बसणारे सॉकेट) असा संच काढला. कोणतीही गोटी कोणत्याही दांड्याला लागायची, त्यामुळे पन्नास वेगवेगळ्या पान्यांचं काम पंधरा नगांत व्हायचं. आज आपण गोटी आणि रॅचेट वेगवेगळे असतात हे गृहीत धरतो, ते तेव्हा नवं होतं. पुढे ही कंपनी आणि मॅक, मॅटको यांच्यासारखे तिचे प्रतिस्पर्धी व्हॅन घेऊन थेट गॅरेजच्या दारात जाऊ लागले. हत्यार उधारीवर, हप्त्याने, आणि तुटलं तर पुढच्या फेरीत तिथल्या तिथं बदलून. त्या व्यवस्थेत मेकॅनिक स्वतःची हत्यारं स्वतः विकत घेतो आणि काम थांबलं तर त्याचा स्वतःचा रोज बुडतो. म्हणजे त्या किमतीत पोलादाइतकीच व्हॅनही असते, उधारीही असते, आणि न थांबलेलं कामही.

ज्या गॅरेजच्या दारात ती व्हॅन येतच नाही, त्याने त्या किमतीचा हा भाग कशासाठी मोजायचा? जन्मभराची हमी म्हणतात तिचंही तसंच. तुटलेल्या नगाला ती लागू होते, झिजलेल्याला बहुतेक नाही, आणि टॉर्क रेंचसारख्या (बोल्ट ठरावीक जोरानेच घट्ट करणाऱ्या) मोजमापाच्या हत्यारांना सहसा नाहीच. पाठवण्याचा खर्च आणि वाट पाहण्याचे दिवस आपले. आणि आपल्या प्रकरणात तर पाना तुटलेलाच नव्हता. हमीपत्रावर पाना परत मिळतो, ब्रेकची नळी मिळत नाही.

दुसऱ्या बाजूला जर्मन घराणी आहेत. स्टालविले १८६२ चं, हाझेट १८६८ चं, क्निपेक्स १८८२ चं, गेडोरे १९१९ चं. ही सगळी वुपरटाल आणि रेमशाइड या शेजारशेजारच्या शहरांच्या पट्ट्यातली. ती मुख्यतः दुकानांतून आणि पुरवठादारांमार्फत विकली जातात, त्यामुळे किमतीत व्हॅन नसते. जपानची केटीसी आणि कोकेन याच दर्जाची. कोकेनच्या गोट्या मी निःसंकोच कुणालाही सुचवीन.

ब्रँडच्या नावावर फार विसंबू नये याचं आणखी एक कारण मालकी. स्टॅन्ले ब्लॅक अँड डेकर या एका छताखाली स्टॅन्ले, फ्रान्सची फाकॉम, प्रोटो, मॅक आणि २०१७ पासून क्राफ्ट्समन नांदतात. स्वीडनची बाहको १९९९ पासून स्नॅप-ऑनकडे आहे, आणि ब्लू-पॉइंट ही त्यांचीच उतरत्या किमतीची मालिका. प्रीमियम आणि बजेट ही दोन वेगळी घराणी नसून बऱ्याचदा एकाच घरातले दोन मजले असतात. मालकाला हे पटायला वेळ लागला. त्यांना एक नाव हवं होतं, आणि मी त्यांच्यापुढे एकेका हत्याराची यादी ठेवत होतो.

यादी कशी झाली

आधी एक साधी गोष्ट केली. वापरलेलं हत्यार भिंतीवर परत टांगायचं नाही, ट्रेमध्ये टाकायचं. काही दिवसांनी ट्रे आणि भिंत दोन्ही बोलू लागली. दोनशेच्या संचातले निम्म्याहून जास्त नग जागचे हलले नव्हते. ट्रेमध्ये पुन्हा पुन्हा तेच: १०, १२, १३, १४, १७, १९. ही मापं उगाच येत नाहीत. एम८ च्या बोल्टला युरोपीय गाडीत १३ चं डोकं असतं, जपानी गाडीत १२ चं. एम१० ला जुन्या जर्मन प्रमाणात १७, नव्या आयएसओ या आंतरराष्ट्रीय प्रमाणात १६, जपानीत १४. दोन्ही घराण्यांच्या गाड्या येत असतील तर मापं वाढतात, पण तरीही मूठभरच राहतात. म्हणजे चांगला पैसा घालायचा तो या मूठभर मापांत. २१ ते ३२ चे महागडे कॉम्बिनेशन पाने (एका टोकाला उघडं तोंड, दुसऱ्याला बंद रिंग) भिंतीची शोभा वाढवतात, एवढंच.

यादीतलं पहिलं नाव अर्थातच फ्लेअर नट पाना. हे गॅरेजकडे नव्हतंच. ब्रेकच्या नळीचा नट आतून पोकळ असतो, नळी जायला जागा हवी म्हणून. भिंत पातळ, पोलाद मऊ. घट्ट करायचा टॉर्क १५ न्यूटन-मीटरच्या आसपास, म्हणजे फारसा नाहीच, पण गंजल्यावर त्याच्या कैक पट लागतो. फिक्स पाना अशा नटाला दोनच बाजूंनी चिमटतो आणि तो नट आत दबतो, मग आणखी घट्ट बसतो. फ्लेअर नट पाना म्हणजे नळी जाण्यापुरती फट ठेवलेला रिंग पाना, तो पाच बाजूंना धरतो. पण फट असल्यामुळे तोही फाकू शकतो, आणि म्हणून या एका हत्यारात स्वस्त घेण्यात काहीच अर्थ नाही. स्वस्त फ्लेअर नट पाना हा नाव बदललेला फिक्स पानाच असतो. इथं मी मालकाला म्हटलं, तुम्हाला हवं ते महागडं नाव इथं घ्या. फक्त १० आणि ११, दोनच मापांत. त्या एका बिघडलेल्या कामाच्या तोट्यात हे दोन्ही आले असते आणि वर पैसे उरले असते.

उस्तादांचंही ऐकायला हवं होतं, कारण ते अर्धं बरोबरच होते. नवा पाना आला म्हणून गंज जात नाही. त्यांच्याकडून सगळ्यांनी एक क्रम पक्का केला: आधी वायर ब्रश, मग गंज सोडवणारं तेल आणि वाट पाहणं, मग नट सोडण्याआधी किंचित घट्ट करून चिकटा मोडणं, आणि नळी नटासोबत फिरते आहे का यावर नजर. नळी फिरायला लागली की थांबायचं आणि मागे-पुढे करत तेल आत जाऊ द्यायचं. हे न करता कितीही महाग पाना लावला तरी पिळलेली नळी पिळलेलीच राहणार.

यादीत दुसरं, नेहमीच्या मापांचे कॉम्बिनेशन पाने: मधल्या दर्जाचे. इथं मालक आणि माझं जमलं नाही, पण पैशाने माझी बाजू घेतली.

गोट्या हा वेगळा विषय आहे आणि इथं स्वस्त संचाची बाजू घ्यावी लागते. गोटी सगळ्या बाजूंनी बंद असते, भिंत जाड असते, फाकण्याचा प्रश्न फारसा येत नाही. भार कोपऱ्यावर न टाकता बाजूवर टाकणारी आतली घडण, जी एकेकाळी पेटंटखाली होती, आता जवळजवळ सगळेच वापरतात. सहा कोनी गोटी घ्या, बारा कोनी नको, एवढं पथ्य पाळलं तर स्वस्त गोट्या वर्षानुवर्षं चालतात. एक दोष मात्र पाहून घ्यावा. स्वस्त गोटीच्या तोंडाशी आत उतरती कड बरीच खोल असते, बोल्टवर सहज चढावी म्हणून. बोल्टचं डोकं पातळ असेल तर अर्धी पकड त्या उतारातच वाया जाते. त्यावर उपाय: गोटीचं तोंड ग्राइंडरवर सपाट घासून टाकायचं, पाण्यात बुडवत बुडवत, म्हणजे तापून पोलादाचा कडकपणा उतरणार नाही. महागड्या गोटीला असं ग्राइंडर लावायला कुणाचा हात धजत नाही. आणि १० ची गोटी तर जगातल्या प्रत्येक गॅरेजमधून गायब होत असते, तिथं महाग घेऊन रडण्यापेक्षा स्वस्तातल्या चार आणून ठेवाव्यात.

ठोके देत नट फिरवणाऱ्या हवेच्या किंवा बॅटरीच्या गनवर मात्र चकचकीत क्रोमच्या गोट्या लावायच्या नाहीत, कुठल्याही ब्रँडच्या. त्या कडक असतात, ठोक्याखाली तडकून उडू शकतात. गनला काळ्या, क्रोम-मॉलिब्डेनमच्या इम्पॅक्ट गोट्या. त्या स्वस्तातल्या असल्या तरी चालतील.

ॲलन बिटची, म्हणजे बोल्टच्या डोक्यातल्या षटकोनी खळग्यात बसणाऱ्या टोकाची, गोष्ट पुन्हा पान्यासारखी, तुटत नाहीत आणि काम बिघडवतात. कारण कडकपणात आहे. ८.८ ग्रेडचा (ग्रेड म्हणजे मजबुतीचा दर्जा) बोल्ट कडकपणाच्या रॉकवेल सी मापात साधारण २२ ते ३२ चा असतो, तिथं चाळीसच्या वरच्या कडकपणाचा पाना आरामात भारी पडतो. पण ॲलन डोक्याचे बोल्ट बऱ्याचदा १२.९ ग्रेडचे असतात, म्हणजे ३९ ते ४४. बिट त्याहून बराच कडक नसेल तर बोल्टऐवजी बिटच गोल होतो, आणि गोल झालेला बिट पुढच्या दहा बोल्टांची वाट लावतो. बऱ्याच युरोपीय गाड्यांच्या ब्रेक कॅलिपरच्या पिनांना ७ चा ॲलन लागतो. गॅरेजमधल्या ७ च्या बिटची टोकं बोटाला गुळगुळीत लागत होती. ते टोक दोन-तीन मिलिमीटर घासून टाकलं आणि बिट नव्यासारखा झाला. त्याची खरेदी यादीतून वजा केली.

स्क्रू ड्रायव्हरमध्ये ब्रँडपेक्षा टोकाचा प्रकार महत्त्वाचा ठरला. काही जपानी गाड्यांच्या ब्रेक डिस्कवर जे चौफुली स्क्रू असतात, ते फिलिप्ससारखे (नेहमीच्या चौफुली स्क्रूसारखे) दिसतात पण जेआयएस या जपानी प्रमाणाचे असतात. डोक्यावर बऱ्याचदा एक बारीक ठिपका असतो. त्यात फिलिप्सचं टोक पूर्ण बसत नाही आणि वर ढकललं जातं. जगातला सर्वांत महाग फिलिप्स आणला तरी हा स्क्रू तो खाणारच. एक जपानी घडणीचा, मागून हातोडी मारता येईल असा ड्रायव्हर घेतला आणि विषय संपला.

पकडी, हातोडे, पहारी, छिन्न्या, मॅग्नेट, आरसे: जे होतं ते राहू दिलं. सर्क्लिप (स्प्रिंगसारखी अडकवणारी कडी) काढायचा प्लायर तेवढा बदलला, आणि तो दर्जेदार घेतला. त्याची टोकं वाकली की सर्क्लिप डोळ्याच्या दिशेने उडते.

रॅचेटवर आमचं एकमत झालं नाही. भिंतीवरचा महागडा रॅचेट ७२ दात्यांचा, म्हणजे पाच अंशांत पुढचा दाता पकडणारा. मालकांना पाव इंची आणि तीन-अष्टमांश इंचीही तसेच हवे होते. बारीक दात्यांचा रॅचेट अडचणीच्या जागी खरोखर उपयोगाचा आहे, पण दाते बारीक म्हणजे घडण अचूक हवी आणि आतली घाण वेळेवर साफ हवी. स्वस्तातला बारीक दात्यांचा घेण्यापेक्षा स्वस्तातला ३६ दात्यांचा घ्यावा, दहा अंश फिरवायची जागा लागते खरी, पण सरकत नाही. मधल्या दर्जाचा, सुटे भाग मिळणारा रॅचेट हा माझा सल्ला होता. मालकांनी महागडाच घेतला. त्यांचा पैसा, त्यांचा रॅचेट.

नंतर काय बदललं

खरेदी संपली तेव्हा मालकाच्या मूळ यादीचा बराच मोठा भाग कापला गेला होता. पण खरेदीपेक्षा जास्त फरक एका वहीने पडला. आधी तुटलेल्या हत्यारांची नोंद व्हायची. आता बिघडलेल्या नट-बोल्टांची होते: कुठला नट गोल झाला, कुठल्या गाडीचा, कुठल्या हत्याराने. पहिल्या काही पानांतच एक जुना टॉर्क्स (चांदणीच्या आकाराचा) बिट दोनदा आला आणि बाद झाला. तो तुटलेला नव्हता. जुन्या नियमाने तो अजून भिंतीवर असता.

दुसरी गोष्ट कोणी ठरवून केली नाही. बाजूला काढलेले फाकलेले पाने उस्तादांनी फेकू दिले नाहीत. एकाचा दांडा तापवून वाकवला, अडचणीतल्या स्टार्टरच्या बोल्टसाठी. एकाची रिंग घासून पातळ केली. स्वस्त हत्याराचा हा एक गुण कुठल्याच तुलनेत येत नाही: त्याला कापता येतं, वाकवता येतं, वेल्डिंग करता येतं, आणि मन खात नाही.

टॉर्क रेंचचा निर्णय मात्र अजून अडलेला आहे. गॅरेजकडे एक बऱ्यापैकी नावाजलेला आहे, पण विकत घेतल्यापासून त्याची तपासणी झालेली नाही, आणि काही जण त्यानेच जाम बोल्ट सोडवतात. आयएसओ ६७८९ नुसार १० न्यूटन-मीटरच्या वरच्या रेंचची चूक अधिक-उणे ४ टक्क्यांच्या आत असायला हवी, आणि वर्षातून एकदा किंवा ५००० वापरांनंतर, जे आधी होईल तेव्हा, तपासणी व्हायला हवी. मालक म्हणतात, याहून भारी ब्रँडचा नवा घेऊ. माझं म्हणणं, आहे तोच तपासायला पाठवा, प्रमाणपत्रासकट परत आणा आणि बोल्ट सोडवायला एक लांब दांड्याचा साधा पाना त्याच्या शेजारी टांगा. रेंच तपासणीला गेला की तेवढे दिवस काम कशाने करायचं, हा उस्तादांचा प्रश्न आहे, आणि त्यावर दुसरा एक मधल्या दर्जाचा घेऊन दोघांना आळीपाळीने पाठवणं हा तोडगा सध्या चर्चेत आहे.